जकात आणि गरिबाची चूल

मराठीत ‘जकात’ म्हटले की नाक्यावरचा कर आठवतो. महाराष्ट्रात तो २०१७ साली मुंबईतूनही उठला. शब्द अरबीतून आलेला, परंतु इस्लामी धर्मशास्त्रातील त्याचा अर्थ निराळा आहे : संपत्तीतून गरिबांचा वाटा काढून ती शुद्ध करणे. आपले काही उपदेशक जकातीची दशमांशाशी सरळ बरोबरी करतात, तेही यथार्थ नव्हे. दशमांश उत्पन्नातून निघतो. सोने, रोकड व व्यापारी माल यांवरील जकात मात्र वर्षभर हाती राहिलेल्या संचितावर, शेकडा अडीच या दराने, पडते. शेतीच्या पिकावरील ‘उश्र’ तेवढा दशमांशाच्या जवळचा.

या संस्थेवर इस्लामी अर्थशास्त्र्यांनी एक सिद्धांत उभारला आहे. महंमद फहीम खान यांनी १९८४ सालच्या आपल्या निबंधात मुस्लिम कुटुंबाच्या खर्चाचे दोन भाग पाडले : स्वतःसाठीचा आणि ईश्वराप्रीत्यर्थ इतरांसाठीचा. या पंथातील अनेकांचा युक्तिवाद असा की, समजा शंभर रुपयांपैकी श्रीमंत साठ खर्चतो आणि गरीब नव्वद, तर ते शंभर रुपये गरिबाकडे जाताच समाजाचा उपभोग तीस रुपयांनी वाढतो. शिवाय निजलेले धन दरसाल झिजते. भर न घातल्यास २८ वर्षांत ते निम्म्याखाली येते, म्हणून धनी ते उद्योगात घालतो. गणितात दोष नाही. देणारा नेहमी श्रीमंतच असतो, हे त्यामागील गृहीत मात्र आम्हांस मान्य नाही.

पाकिस्तानचेच उदाहरण घ्या. जून १९८० मध्ये झिया-उल-हक यांच्या राजवटीने जकात व उश्र अध्यादेश काढला. रमजानच्या पहिल्या दिवशी बँका बचतखात्यांतून अडीच टक्के परस्पर कापू लागल्या. शियांनी इस्लामाबादेत प्रचंड निदर्शने केली, तेव्हा त्यांना सूट मिळाली. चालू खाती वगळलेली होती. जमीनदाराचे शेत, कारखानदाराची यंत्रे व वाडे यांनाही कापणी नव्हती. उलट पात्रतेची मर्यादा सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीवर ठरे. चांदी सोन्याच्या मानाने फार स्वस्त असल्याने बचतखात्यात चार पैसे ठेवणारी विधवादेखील ‘धनिक’ ठरू शके! जाणते लोक रमजानच्या आधीच पैसे काढून घेत. जमा झालेला निधी राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आतच राहिला. तेवढ्यातून मिळणाऱ्या ‘गुजारा’ भत्त्याने सबंध राष्ट्राचा उपभोग हलेल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होते.

मलेशियातील केडाह प्रांताची हकीकत आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. तेथील एका खेड्यात १९७८ ते १९८० या काळात राहिलेल्या जेम्स स्कॉट या अभ्यासकाने ती नोंदविली आहे. सरकारी जकातीचा भार तेथे भात पिकविणाऱ्यांवर पडे. व्यापारी व नोकरदार बहुतांशी मोकळे. गोळा झालेले धान्य प्रांताच्या राजधानीकडे जाई, आणि गावच्या गरिबाकडे त्यातले काही परत येत नाही अशी शेतकऱ्यांची तक्रार असे. बंड कोणी केले नाही. त्यांनी पीक कमी सांगितले, ओले व पेंढा-खडे मिसळलेले भात मापून दिले. येथे कोणी धर्मबुडवेपणाचा शिक्का मारील, तर तो घाईचा ठरेल. कारण तेच शेतकरी स्वखुशीची जकात गरीब आप्तांना व कापणीच्या मजुरांना देत होते.

ईदच्या नमाजापूर्वी द्यावयाचा फितराही तसाच. घरातील प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलासकट, एक ‘साअ’ धान्य अथवा त्याची किंमत गरिबाला पोचवावयाची असते. संचिताचा, बँकेचा येथे प्रश्नच नाही. सणाच्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटावी, एवढाच हेतू. फहीम खान यांच्या दुसऱ्या भागात हे धान्य नीट बसते. पण सरकारी जकातनिधीच्या आकड्यांवरून त्या भागाची परीक्षा करू पाहणाऱ्यास ते कोठेच आढळणार नाही.