कॉर्डोबाची मशीद : पाहणाऱ्याने उभं कुठे राहायचं?

आजचा प्रश्न वरवर साधा आहे. जिथे आपल्याला प्रार्थना करायची नाही अशी एखादी भव्य मशीद आपण प्रवासी म्हणून पाहतो, तेव्हा नेमकं काय पाहतो? उदाहरण म्हणून स्पेनमधली कॉर्डोबाची मशीद घेऊ.

पहिल्या अब्द अल्-रहमानने आठव्या शतकाच्या अखेरीस ती सुरू केली आणि पुढची दोनशे वर्षं ती वाढत गेली. आज आत साडेआठशेच्या आसपास खांब आहेत. सर्वांत जुन्या भागातले बरेचसे खांब आधीच्या इमारतींतून आणलेले, आखूड. म्हणून कमानीवर कमान चढवून छत उंच केलं. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं, मशिदीचं कॅथीड्रल झालं आणि १५२३ पासून तिच्या ऐन पोटात नवं उंच बांधकाम सुरू झालं.

प्रवासी इथून दोन शब्द घेऊन परततात : ‘खांबांचं अरण्य’ आणि ‘गूढ अंधार’. हे दोन्ही शब्द जरा तपासून बघू.

अंधार आधी. मूळ दालन अंगणाच्या बाजूला कमानींनी उघडं होतं, उजेड खांबांमधून आत येई. या कमानी बऱ्याचशा पुढे बुजवल्या गेल्या. म्हणजे ज्या गूढतेचं श्रेय आपण बांधणाऱ्यांना देतो, ती बरीचशी नंतरच्या भिंतींची देणगी आहे!

आता अरण्य. अरण्यात माणूस हरवतो. नमाजाला आलेला माणूस मात्र इथे हरवत नव्हता. तो खांद्याला खांदा लावून रांगेत उभा राहत होता. आपली नजर देवळात घडलेली. सभामंडपातून गाभाऱ्याकडे जायचं, दर्शन घ्यायचं. इथे गाभारा नाही. मिहराब हा रिकामा कोनाडा. तो दिशा दाखवतो. दहाव्या शतकाच्या अखेरीस अल्-मन्सूरने इमारत पूर्वेकडे वाढवली, तेव्हा मिहराब मध्यावर राहिला नाही. तरी रांगा लांबल्या आणि काम चालू राहिलं. मधलं कॅथीड्रल आपल्या नजरेला हवं ते केंद्र देतं. ते कमी प्रतीचं नाही. त्याची मागणी वेगळी आहे, एवढंच.

यावर कुणी कांटचा आधार घेईल : सौंदर्याचा आस्वाद निर्हेतुक असतो, मग उपयोग कशाला विचारायचा? पण १७९० च्या त्याच ग्रंथात कांट सांगतो की चर्च किंवा राजवाडा यांचं सौंदर्य ती वस्तू कशासाठी आहे या कल्पनेशी बांधलेलं असतं. तेव्हा कांट आपल्याला सुटका देत नाही.

मग श्रद्धावंतांनाच मशीद कळते का? नाही. वारी समजायला वारकरीच असावं लागत नाही. पण ती कुठे चालली आहे हे ठाऊक नसेल, तर दिसते ती नुसती गर्दी.

कॉर्डोबात आज कॅथलिक उपासना होते, मुस्लिमांना नमाजाची परवानगी नाही. ज्या रांगेसाठी हे दालन बांधलं, ती रांगच प्रवाशाला दिसत नाही. ती त्याने विचाराने भरून काढायची. मिहराबच्या भिंतीकडे तोंड करून दोन खांबांच्या मध्ये उभं राहावं आणि समोर न पाहता डावी-उजवीकडे पाहावं. शेजारची जागाही अगदी आपल्या जागेसारखीच आहे, हे लक्षात येईल. या वास्तूचं सौंदर्य तिथून सुरू होतं.