पान उलटून पाहणे : एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या प्रचाराची चिकित्सा

आपण इथे बहुधा ग्रंथांची चिकित्सा करतो. आज एका पत्रकाची करू. एका विशिष्ट पत्रकाची नव्हे, तर पत्रक या प्रकाराची. भाजीपाला आणि स्ट्रॉबेरी उत्पादकांना एकात्मिक कीड व्यवस्थापनाकडे वळवण्यासाठी जे साहित्य निघतं, त्याचा साचा ठरलेला असतो. पिवळे-निळे चिकट सापळे लावा, कामगंध सापळे लावा, निंबोळी अर्क फवारा, मित्रकीटक जपा, आणि रासायनिक औषध अगदी शेवटी. यातली एकही सूचना चूक नाही. तरीही हे पत्रक घडीसकट खिशात राहतं आणि फवारणी ठरल्या वारी होते. असं का होतं, हा आजचा प्रश्न.

उत्तर सहसा तयार असतं : शेतकरी अडाणी आहे, प्रबोधन कमी पडतं. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. आमच्या मते दोष पत्रकाच्या तर्कात आहे.

मूळ कल्पना काय होती ते आधी पाहू. 1959 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ‘हिल्गार्डिया’ या नियतकालिकात स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चौघांनी एक निबंध लिहिला. निमित्त होतं लसूणघासावरच्या माव्याचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : शेतात कीड दिसली एवढ्यानं फवारणी योग्य ठरत नाही. किडीची संख्या अशा पातळीकडे चालली असेल, की होणारं नुकसान उपायाच्या खर्चाहून जास्त ठरेल, तेव्हाच हात उचलायचा. आणि उचलताना त्या किडीला खाणारे जीव मरणार नाहीत असं औषध निवडायचं.

आता बघा, यात ‘कीड’ या शब्दाचा अर्थच बदलला. कीड ही काही कीटकाची जात नव्हे. तो कीटक, ते पीक, तो बाजार आणि तो खर्च यांच्यातलं ते एक नातं आहे. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी घ्या. 2010 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामाच्या सुरुवातीचं फळ खोक्यात भरून ताजं विकलं जातं आणि भाव चांगला मिळतो. हंगाम उतरला की बरंचसं फळ जॅम आणि गराच्या कारखान्यांकडे जातं, तिथे भाव कमी. म्हणजे पानावर तेवढेच कोळी असले, तरी डिसेंबरातला हिशेब आणि मार्चमधला हिशेब एक नाही. मूळ निबंध शेतकऱ्याकडून निर्णय मागत होता. पत्रकानं त्याची यादी केली. पहिली खोट ही.

दुसरी खोट प्रमाणाची आहे. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं मानली. पत्रक केवळ शब्दप्रमाणावर उभं आहे : आम्ही सांगतो, तुम्ही करा. पण शब्द प्रमाण व्हायला सांगणारा आप्त हवा. म्हणजे ज्याला वस्तू खरी माहीत आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. शेतकऱ्याला रोज भेटणारा सल्लागार कोण? बहुतेक वेळा औषध-दुकानदार. तोच उधारीवर माल देतो. तो वाईट माणूस आहे असं आम्ही म्हणत नाही. पण ‘या आठवड्यात काहीच फवारू नका’ हा सल्ला देऊन त्याचं दुकान चालत नाही. न फवारण्याचं ज्ञान बाटलीत भरता येत नाही, म्हणून ते विकायला कोणी बसत नाही.

तेव्हा प्रत्यक्षाकडे वळावं लागतं. दोन ठिपक्यांचा कोळी पानाच्या खालच्या बाजूला राहतो. वरून पान फिकट, ठिपक्याठिपक्यांचं दिसायला लागेपर्यंत खाली त्याचा संसार वाढलेला असतो. भिंगातून पाहिलं तर तिथेच त्याला खाणारा परभक्षी कोळीही सापडू शकतो. सरसकट मारणारं औषध मारलं की हा रक्षक आधी जातो, आणि काही दिवसांनी कोळी पूर्वीपेक्षा जोरात येतो. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी. पान उलटून न पाहणाऱ्याला हे चक्र कळणारच नाही. त्याला एवढंच वाटेल, की औषध कमी पडलं.

स्ट्रॉबेरीत आणखी एक पेच आहे. प्रत्येक औषधाच्या लेबलावर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवसांचं अंतर हवं ते लिहिलेलं असतं. पण भर हंगामात फळ रोज किंवा दिवसाआड तोडावं लागतं. ते थांबत नाही, त्याला साल नाही, आणि आपण ते उभ्याउभ्या तोंडात टाकतो. इथे दहा दिवस थांबा हा नियम शेतकऱ्यानं पाळायचा कसा? तोडणाऱ्या बायकांचे हात त्याच पानांत असतात, ही गोष्ट पत्रकात बहुधा नसतेच.

आता एक आक्षेप, आणि तो रास्त आहे. पातळी येईपर्यंत थांबणं हे सरासरीचं शहाणपण आहे. दहा हंगामांत ते फायद्याचं ठरेल. पण ज्याच्या डोक्यावर याच हंगामाचं कर्ज आहे, त्याला दहा हंगाम नसतात. त्याची जादाची फवारणी अज्ञानातून आलेली नाही. तो त्याचा विमा आहे. मग थांबण्याची जोखीम त्यानं एकट्यानंच का उचलावी?

इंडोनेशियानं या प्रश्नाचं एक उत्तर दिलं. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला, तेव्हा 1986 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं भातासाठी 57 कीटकनाशकांवर बंदी आली आणि पुढच्या काही वर्षांत त्यांचं अनुदानही काढून घेतलं गेलं. 1989 पासून शेतीशाळा सुरू झाल्या. तिथे शेतकरी आठवड्याला जमून रोपं पाहत, कीटक मोजत, चित्रं काढत आणि वाद घालून निर्णय घेत. आधी चुकीच्या सल्ल्यामागचा पैसा काढला, मग डोळ्यांना काम दिलं. आपण 1985 साली हे धोरण स्वीकारलं. शेतीशाळा आपल्याकडेही भरतात. पण दुकानाचा आणि सल्ल्याचा सांधा आपण तसाच ठेवला.

आणि शेवटी आपण, ऐकणारे. कोबीच्या पंचवीस ओळींच्या कडेला मोहरी पेरली की चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे ओढला जातो, हे बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेनं दाखवून दिलं. पण वरच्या पानाला एक भोक दिसलं की आपण गड्डा परत ठेवतो. नुकसानीची पातळी शास्त्रज्ञ आकड्यांत मांडतात, पण मंडईत ती आपला अंगठा ठरवतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पत्रकं छापायची तर छापा, पण त्याआधी गावागणिक दहा भिंगं, आठवड्याची एक सकाळ आणि औषध न विकणारा एक जाणकार द्या. थांबल्यामुळे नुकसान झालं, तर त्यातला वाटा सरकार आणि खरेदीदार दोघांनीही उचलावा. नाहीतर ज्याला आपण प्रबोधन म्हणतो, ती जोखीम गरिबाच्या गळ्यात घालण्याची एक सभ्य रीत ठरेल.

इथे थांबू. आता प्रश्न विचारा.