रुग्णनिवेदित आरोग्याचे मापन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, ही भूमिका १९४८ मध्ये अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत मांडलेली आहे. रक्तदाब किंवा क्ष-किरण तपासणी यांवरून रोग कळतो. रुग्ण कसा जगतो हे कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी रुग्णाच्या स्वतःच्या निवेदनावर आधारित प्रश्नावल्या तयार झाल्या. रुग्णाला साक्षीदाराचे स्थान देणे, हे त्यांचे श्रेय निर्विवाद होय. मात्र या साक्षीचे अंकांत रूपांतर झाल्यावर त्या अंकांची तुलना कितपत ग्राह्य ठरते, याची चिकित्सा आवश्यक आहे.

मापनसाधने व भाषांतर

१९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एसएफ-३६' या अमेरिकी प्रश्नावलीत ३६ प्रश्न व ८ उपश्रेणी आहेत. 'ईक्यू-५डी' हे युरोपीय साधन हालचाल, स्वतःची काळजी, नेहमीची कामे, वेदना व चिंता या पाच अंगांची विचारणा करते. त्याच्या पाच स्तरांच्या आवृत्तीतून ३१२५ आरोग्यस्थिती संभवतात.

'एसएफ-३६'मध्ये मध्यम श्रमांची उदाहरणे म्हणून व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे व गोल्फ खेळणे यांचा उल्लेख येतो. त्यांऐवजी झाडलोट किंवा पाणी भरणे असे शब्द योजता येतील. परंतु तेवढ्याने समस्या सुटत नाही. गोल्फ हा ऐच्छिक विरंगुळा आहे, तर पाणी भरणे अनेक घरांत टाळता न येणारे काम आहे. कंबर दुखत असतानाही हंडा उचलणारी स्त्री 'नेहमीच्या कामांत अडचण नाही' असे उत्तर देऊ शकते. अशा वेळी नोंद तिच्या क्षमतेची होते की नाइलाजाची, हे अंक सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची १०० प्रश्नांची जीवनगुणवत्ता प्रश्नावली दिल्ली व चेन्नईसह १५ केंद्रांत एकाच वेळी विकसित झाली. तयार साधन भाषांतरित करण्यापेक्षा ही पद्धत निश्चितच श्रेयस्कर होय. तरीही अपेक्षांतील भिन्नतेचा प्रश्न तिनेही पूर्णतः सुटत नाही.

निवेदन आणि अपेक्षा

या संदर्भात अमर्त्य सेन यांनी निदर्शनास आणलेले उदाहरण मूलगामी आहे. १९४३ च्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, बंगालमधील सिंगूर येथे झालेल्या पाहणीत ४८.५ टक्के विधुरांनी आपण आजारी असल्याचे किंवा प्रकृती यथातथा असल्याचे सांगितले. विधवांमध्ये हे प्रमाण अवघे २.५ टक्के होते. विधवांची सामाजिक स्थिती लक्षात घेता त्या अधिक निरोगी होत्या, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. २००२ मध्ये सेन यांनीच दाखवून दिले, की दीर्घ आयुर्मान असलेल्या केरळमध्ये आजारपणाच्या तक्रारी बिहारपेक्षा कितीतरी अधिक नोंदल्या जातात. शिक्षण व वैद्यकीय सेवा लाभल्यावर माणूस दुखण्याला दुखणे म्हणू लागतो. वंचितता मात्र ते अंगवळणी पाडते.

निष्कर्ष

एकाच रुग्णाची उपचारापूर्वीची व नंतरची स्थिती ताडून पाहण्यासाठी ही साधने उपयुक्त आहेत. अर्थात आजाराशी जुळवून घेताना रुग्णाचा स्वतःचा निकषही बदलू शकतो, याचे भान हवे. दोन समाजगटांची तुलना करताना स्वनिवेदनासोबत मृत्युदर, पोषण व रक्तक्षय यांची वस्तुनिष्ठ नोंद अपरिहार्य मानली पाहिजे. अन्यथा आरोग्यसेवेचा निधी तक्रारींच्या प्रमाणात वाटला जाईल आणि ज्यांना तक्रार करण्याची मुभाच मिळाली नाही, त्यांचे मौन आरोग्य म्हणून नोंदले जाईल. रुग्णाचे म्हणणे प्रमाण मानावयाचे असेल, तर तो कोणत्या परिस्थितीत बोलतो आहे, हेही मापनाचाच भाग ठरते.