सपिठाचे अर्पण आणि रक्ताची खंडणी

यहुदी यज्ञाचा ख्रिस्ती अर्थ सर्वांत सविस्तर मांडला तो नव्या करारातील इब्री लोकांस पत्राने. जुने बळी ही छाया, ख्रिस्ताचे एकदाच झालेले मरण हे सत्य, असे त्याचे प्रतिपादन आहे. रक्ताशिवाय क्षमा नाही, हा त्याचा निष्कर्ष.

हा निष्कर्ष मूळ ग्रंथाशी ताडून पाहिला पाहिजे. लेवीय ग्रंथाच्या 5 व्या अध्यायात पापार्पणासाठी मेंढी किंवा शेळी सांगितली आहे. ती परवडत नसेल तर दोन पक्षी. तेही परवडत नसतील तर एक दशमांश एफा सपीठ. त्यावर तेल नाही, धूप नाही. रक्त तर नाहीच. तरीही त्या माणसाला क्षमा मिळते. दरिद्री माणसासाठी शास्त्रानेच रक्ताची अट सोडली होती. पत्रलेखकाला हे ठाऊक असावे. म्हणूनच त्याच वाक्यात त्याने आधी ‘जवळजवळ’ असा शब्द घातला आहे. परंतु सिद्धांत उभा राहिला तो रक्ताचा. गरिबाच्या मूठभर सपिठाला त्यात जागा उरली नाही.

उद्धाराच्या कल्पनेचेही असेच झाले. लेवीय 25 मध्ये सोडवणूक हा हिशेबाचा व्यवहार आहे. दारिद्र्यापायी विकल्या गेलेल्या माणसाला भावाने, चुलत्याने, चुलतभावाने किंमत मोजून परत आणायचे. मराठी बायबलातील ‘खंडणी’ हा शब्द अशाच मोजलेल्या किमतीची आठवण देतो. परक्या गुलामाला मात्र हा हक्क नव्हता. तो वारसाहक्काने जाणारी मालमत्ताच. ख्रिस्ती विचाराने हे कुंपण मोडले, सोडवणूक सर्वांना खुली केली, महायाजकाचा वार्षिक विधीही अनावश्यक ठरवला. हे श्रेय नाकारता येणार नाही. पण खुली करताना ती बाजारातून उचलून स्वर्गात नेली. पेत्राच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय ख्रिस्ताच्या रक्ताने झालेली सोडवणूक सांगतो. दुसरा अध्याय गुलामांना कठोर धन्याच्याही अधीन राहावयास सांगतो, आणि दाखला देतो तो ख्रिस्ताच्याच दुःखाचा.

इ.स. 70 मध्ये मंदिर पडल्यावर यहुदी धर्मही बळीवाचून जगला. प्रार्थना, पश्चात्ताप आणि दानधर्म यांवर उभा राहिला. तेव्हा रक्त अपरिहार्य होते, असे मानण्याचे कारण नाही. अपरिहार्य होती ती विकलेल्या माणसाची सुटका. आत्म्याची किंमत चुकती झाली, असे सांगितले गेले. माणसाचा सौदा मात्र शतकानुशतके चालूच राहिला. उद्धाराच्या कोणत्याही सिद्धांताची परीक्षा याच ठिकाणी व्हावयास हवी.