गिरणगावचे वाङ्मय आणि खाणावळ

लालबाग, परळ, वरळी, भायखळा या मुंबईच्या कोटविभागापासून फार दूर नसलेल्या गिरणवस्तीचे चित्रण मराठी वाङ्मयात विपुल आहे. तथापि ते बहुतांशी गिरणीच्या भोंग्यास बांधलेले आहे. भोंगा वाजतो तोवर वस्ती जिवंत, तो थांबला की वस्ती संपली, अशी त्याची अंतर्रचना दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांना व्यापणारा संप हा या रचनेतील अखेरचा बिंदू ठरतो.

नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) व ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत माणूस घडतो तो रस्त्यावर, कारखान्यात, संघटनेत. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात संपाने उद्ध्वस्त झालेले एक कामगार-घर रंगभूमीवर येते. तीन मुलगे तीन दिशांना फुटतात. नाटकाची वास्तवनिष्ठा निर्विवाद होय. परंतु घर हेच एकक धरल्यामुळे घराघरांना जोडणाऱ्या व्यवहारांचे जाळे दृष्टीआड राहते. त्या जाळ्यातील सर्वांत दुर्लक्षित धागा खाणावळीचा.

कोकणातून व घाटावरून एकटा आलेला कामगार गाळ्यात राही आणि महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईच्या घरी जेवी. पगार होईपर्यंत ती बाई वाण्याकडून उधारीवर धान्य आणी. तिची मिळकत व्याजात झिजे. म्हणजे गिरणीच्या वेतनपद्धतीचा भार अखेर तिच्या चुलीवर पडे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणले. गहाण ठेवण्यास काही नसलेल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या, आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचू लागले. (१९६९ च्या राष्ट्रीयीकरणाचा इतका घरगुती अर्थ अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडेल.) संपानंतर पंगतीतले कामगार पांगले, तेव्हा मंडळ मोठ्या स्वयंपाकाच्या कंत्राटांकडे वळले. वस्तीने स्वतःच्या बळावर स्वतःस सावरण्याचा हा उद्योग. त्यास शोकांतिकेचा आकार नाही, म्हणूनच तो लेखकांच्या हातून निसटला असावा.

या निसटण्याची किंमत केवळ वाङ्मयीन नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक घरबांधणीसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित केली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. वस्ती मृत झाली असे एकदा सर्वमान्य झाले, की उंच मनोऱ्यांनी तिचे ‘पुनरुज्जीवन’ करण्यास कोण हरकत घेणार? साहित्याने हे निर्णय घडविले असे नव्हे. परंतु ज्या मृत्युवार्तेवर ते सुखाने उभे राहिले, ती सर्वांत प्रभावीपणे सांगितली ती साहित्यानेच.

मीना मेनन व नीरा आडारकर यांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मौखिक इतिहासात रहिवासी स्वतः बोलतात, आणि तेथे वस्ती भोंग्याहून मोठी दिसते. कादंबरीकाराच्या हाती यावयाची सामग्री तेथे मुलाखतींच्या रूपाने विखुरलेली पडून आहे.