खोट्या पत्राची खूण कोठे शोधावी?

‘सॉफ्टवेअर ताबडतोब अद्ययावत करा’ असे सांगणाऱ्या खोट्या ई-मेलपासून विद्यार्थ्यांनी सावध राहावे, म्हणून संगणक कक्षात सूचनांचा तक्ता लावतात. लोणी काळभोरच्या एका शाळेत असा तक्ता आम्ही वाचला. शुद्धलेखनाच्या चुका शोधा, पाठवणाऱ्याचे नाव पाहा, कंपनीचे बोधचिन्ह तपासा, अशा तीन सूचना त्यावर होत्या. हेतू चांगला आहे. पण ही शिकवण अपुरी आहे, असे आम्हाला वाटते.

एक जुने उदाहरण या कसोट्यांवर घासून पाहू. सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्वेन’ नावाचा व्हायरस ई-मेलमधून जगभर पसरला. पत्र मायक्रोसॉफ्टच्या नावाने येई. रंग, मांडणी, बोधचिन्ह, सारे कंपनीच्या संकेतस्थळासारखे. सोबतची फाईल म्हणजे सुरक्षेसाठीची नवी दुरुस्ती आहे, ती लगेच बसवा, असा मजकूर. फाईल उघडली की ‘दुरुस्ती बसवायची का?’ असा प्रश्न पडद्यावर येई. गंमत अशी, की ‘नाही’ म्हटले तरी व्हायरस गुपचूप बसत असे!

आता तक्त्यातील सूचना पाहा. बोधचिन्हाची नक्कल कोणीही करू शकतो. पाठवणाऱ्याचे नाव तर पाकिटावरच्या ‘प्रेषक’ या ओळीसारखे असते. लिहिणारा लिहील ते. राहिले शुद्धलेखन. आज संगणकाकडूनच निर्दोष मजकूर लिहून घेता येतो. म्हणजे चुका दिसल्या तर संशय घ्यावा हे ठीक. पण चुका नाहीत म्हणून पत्र खरे मानणे धोक्याचे.

मग खूण कोठे शोधायची? पत्राच्या चेहऱ्यात नव्हे, ते आले त्या वाटेत. लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, त्यामुळे तेथील मुलांना टँकर रोजचेच. समजा, कंपनीचे नाव रंगवलेला एखादा टँकर न बोलावता दारात आला आणि ‘तुमच्या गाडीतले पेट्रोल खराब आहे, बदलून देतो’ म्हणाला. आपण त्याचा रंग तपासत बसू का? कंपनी असे पेट्रोल दारोदार देत नाही, एवढे ठाऊक असणे पुरे. तसेच मायक्रोसॉफ्ट आपल्या दुरुस्त्या ई-मेलला जोडून पाठवत नाही. अशा पत्रातली फाईल किंवा दुवा उघडू नये. संगणकाच्या सेटिंग्जमध्ये आपण स्वतः जावे आणि दुरुस्ती आली आहे का ते तेथे पाहावे.

तक्त्यात आणखी एक उणीव आहे. तो वाचून मुले खऱ्या दुरुस्त्यांनाही घाबरतील. स्वेन ज्या त्रुटीचा फायदा घेई, तिच्यामुळे काही संगणकांवर पत्र नुसते पाहिले तरी फाईल आपोआप चाले. या त्रुटीवरची खरी दुरुस्ती मार्च २००१ मध्येच निघाली होती. ज्यांनी ती बसवली नाही, तेच अधिक उघडे पडले.

योग्य वाटही क्वचित दगा देते, हेही मुलांना सांगावे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून शिरला. मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे त्यात सापडले आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. म्हणून निकालपत्रके, हजेरी यांची एक प्रत संगणकापासून वेगळ्या काढून ठेवलेल्या डिस्कवर हवीच.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. प्रत्येक विद्यार्थ्याने पाकिटावर प्रेषक म्हणून ‘मुख्याध्यापक’ असे लिहून शेजाऱ्याला द्यावे. वर्गात चाळीस मुख्याध्यापक तयार होतील! त्यांतला खरा कोणता, हे पाकिटे न्याहाळून कळेल का? उत्तर मुलेच देतील : मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन विचारावे लागेल. तक्त्यावर हीच सूचना पहिली हवी.