प्रयोग : एक शब्द, दोन वर्ग

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द दोन घरांत राहतो. रसायनशास्त्राचा विद्यार्थी करतो तो प्रयोग आणि शिवाजी मंदिरात रविवारी दुपारी लागतो तोही प्रयोगच. आपला कधी गोंधळ होत नाही, कारण दोघांचे स्वभाव आपल्याला ठाऊक असतात. प्रयोगशाळेतला प्रयोग पुन्हा केला की तेच उत्तर यायला हवे. वेगळे आले तर काहीतरी चुकले. नाटकाचे नेमके उलटे. शंभरावा प्रयोग हुबेहूब नव्याण्णवाव्यासारखा झाला, तर जाणकार प्रेक्षक बाहेर पडताना म्हणतो, “आज फार यांत्रिक झाला.”

या लेखात मला विद्यापीठातल्या दोन अभ्यासक्रमांविषयी लिहायचे आहे : ‘तंत्रज्ञान आणि समाज’ आणि ‘नाट्यप्रशिक्षण’. सहसा ही नावे एका वाक्यात येत नाहीत. एक अभियांत्रिकीच्या आवारात शिकवला जातो, दुसरा ललित कलांच्या. माझे म्हणणे एवढेच, की तंत्रज्ञान गावात, घरात, कारखान्यात पोचते तेव्हा त्याचा जो प्रयोग होतो, तो पहिल्या अर्थाचा नसून दुसऱ्या अर्थाचा असतो. ही गोष्ट ज्याला सर्वांत आधी कळायला हवी, त्या अभियंत्याला ती शिकवली जात नाही. आणि ज्या विभागाला ती अंगवळणी पडलेली आहे, त्याला या कामी कुणी विचारत नाही.

आधी पहिल्या अभ्यासक्रमाकडे पाहू. सी. पी. स्नो यांनी १९५९मध्ये केंब्रिजला ‘दोन संस्कृतीं’वरचे व्याख्यान दिले. विज्ञानवाले आणि साहित्यवाले एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. पुढे अणुबॉम्ब, व्हिएतनामचे युद्ध आणि प्रदूषण यांनी तंत्रज्ञानाविषयीचा भाबडा विश्वास हलवला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९६९मध्ये आणि एमआयटीत १९७६मध्ये विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज यांच्या अभ्यासाचे स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाले. आपल्याकडे आयआयटींमध्ये मानव्यविद्यांचे विभाग होते. अभियंत्याने थोडे समाजशास्त्र, थोडे अर्थशास्त्र शिकावे अशी त्यामागची कल्पना. पण ‘थोडे’ हा शब्दच तिथे वरचढ ठरला. मुख्य विषय वेगळे आणि हा तोंडी लावण्यापुरता, हे विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच कळते.

या विषयाच्या पाठ्यक्रमात काही मजकूर ठरलेले असतात. त्यांत लँग्डन विनर यांचा १९८०चा निबंध हमखास असतो. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या रस्त्यांवर रॉबर्ट मोझेस यांनी पूल मुद्दाम ठेंगणे बांधले, म्हणजे बसने प्रवास करणारे गरीब आणि कृष्णवर्णीय लोक समुद्रकिनाऱ्यावर पोचू नयेत, असे विनर सांगतात. गोष्ट अशी चटकदार की वर्गात एकदा सांगितली की विसरत नाही. मात्र बर्नवर्ड योर्गेस यांनी १९९९मध्ये या कथेचे धागे उसवून दाखवले. त्या रस्त्यांवर व्यापारी वाहनांना तशीही बंदी होती आणि किनाऱ्यावर जायला दुसरे मार्गही होते. गोष्ट खरी की खोटी यापेक्षा मला खटकते ते वेगळेच. समाजाविषयीचा विषय शिकवताना विद्यार्थ्याच्या हाती एक तयार गोष्ट दिली जाते. ती पाठ होते, परीक्षेत उतरते. आपल्या तालुक्यातल्या पुलाची उंची मोजायला मात्र कुणी जात नाही.

याच परंपरेतली दोन पुस्तकी उदाहरणे मला अधिक उपयोगाची वाटतात. रूथ श्वार्त्झ कोवान यांनी १९८३च्या ग्रंथात दाखवले, की अमेरिकन घरात यंत्रे आली तरी गृहिणीचे कामाचे तास फारसे घटले नाहीत. घरातले पुरुष, मुले आणि नोकर जी कामे करत ती यंत्रांमुळे संपली. स्वच्छतेची आणि स्वयंपाकाची अपेक्षा वाढली आणि तो सगळा भार एकटीवर आला. पाटा-वरवंटा जाऊन मिक्सर आलेल्या आपल्या घरांनी हे वाचून विचार करावा. चटणी वाटायची मेहनत वाचली. पण वाटायचे कुणी, हा प्रश्न मिक्सरने सोडवला नाही.

दुसरे उदाहरण मादलेन आक्रिश यांचे. त्यांचे म्हणणे असे, की वस्तू घडवणारा तिच्यात एक संहिताच लिहून ठेवतो. ती कोण वापरील, कशी वापरील, त्याला कितपत अक्कल असेल, हे सारे तो आधीच ठरवतो. त्यांनी अभ्यासलेल्या सौरदिव्याच्या संचात तारांची लांबी ठरलेली होती आणि जोडण्या बाजारात न मिळणाऱ्या घाटाच्या होत्या. वापरणाऱ्याने हात लावून संच बिघडवू नये, ही त्यामागची काळजी. परिणाम असा, की खोलीच्या आकाराप्रमाणे दिवा हलवणेही अवघड झाले आणि गावच्या वायरमनला त्यात काही करता येईना. आक्रिश यांनी यासाठी शब्द वापरला तो ‘संहिता’. समाजशास्त्रज्ञ नाटकाकडून असे शब्द उसने घेत आले आहेत. अर्व्हिंग गॉफमन यांनी तर रोजच्या जगण्याचे वर्णनच रंगमंच आणि रंगपट या भाषेत केले. शब्द घेतले, पण संहिता हातात आल्यावर तिचे नाटक कसे होते, हे ज्यांना ठाऊक त्या नटांना, दिग्दर्शकांना कुणी बोलावले नाही.

आता दुसरा वर्ग. नाटक विद्यापीठात शिकवावे का, हा वाद जुना आहे. जॉर्ज पिअर्स बेकर हार्वर्डमध्ये नाट्यलेखन शिकवत. यूजीन ओनील त्यांचे विद्यार्थी. पण हार्वर्डने या विषयाला पदवीचा दर्जा दिला नाही आणि १९२५मध्ये बेकर येलला गेले. आपल्याकडे दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९चे, म्हणजे स्नो यांच्या व्याख्यानाच्याच वर्षीचे. इब्राहिम अल्काझी यांनी १९६२ ते १९७७ या काळात त्याला शिस्त दिली. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७मध्ये स्थापन झाले.

मराठी रंगभूमीची एक गंमत इथे नोंदवायला हवी. तिला आकार देणाऱ्यांत विज्ञान-वैद्यकातले लोक किती! श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. पुढे तेच ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. स्नो यांच्या दोन संस्कृती पुण्यात एकाच तालमीच्या खोलीत नांदत होत्या. पण ते विद्यापीठाबाहेर, संध्याकाळी सातनंतर. विद्यापीठाने दोहोंची रीतसर सोय केली तेव्हा त्या दोन इमारतींत गेल्या.

नाट्यप्रशिक्षणाचीही एक उणीव आहे. तिथे प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य ही ‘तांत्रिक अंगे’ म्हणून शिकवली जातात. दिवा कुठून टाकायचा हे सांगितले जाते. दिव्याने काय बदलले हे क्वचितच विचारले जाते. वास्तविक मराठी रंगभूमीचा इतिहास हा ‘तंत्रज्ञान आणि समाज’ या विषयाचा उत्तम धडा आहे. १९३२मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि थोड्याच वर्षांत नाटक कंपन्यांचे कंबरडे मोडले. १९३५मध्ये खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’तून पडद्यावर आले. दरम्यान १९३३मध्ये नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले : आटोपशीर लांबी, मोजकी गाणी, वास्तवाला जवळचे नेपथ्य आणि स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया. आपण याला इब्सेनच्या वळणाचा प्रभाव म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण एका नव्या यंत्राने प्रेक्षकाच्या सवयी बदलल्या आणि कलेने त्याला उत्तर शोधले, असेही ते प्रकरण वाचता येते. असे वाचायला शिकलेला विद्यार्थी आजच्या मोबाइलच्या पडद्याकडे केवळ कपाळाला हात लावून पाहणार नाही.

हे दोन वर्ग एकमेकांना भेटले ते बहुधा विद्यापीठाच्या बाहेर. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९८०मध्ये कलाजथा काढली. गाणी आणि पथनाट्ये घेऊन कार्यकर्ते गावोगाव फिरले. १९८७मध्ये भारत जन विज्ञान जथ्याने तोच मार्ग देशभर नेला. कामाचे मोल मोठे, यात शंका नाही. तरी टीकाकार म्हणून मला एक मर्यादा दिसते. जथ्यात सांगायचे काय हे आधी ठरलेले असे. नाटक ते पोचवण्याचे वाहन होते. पुढे सरकारी योजनांनी हेच वाहन भाड्याने घेतले. संडास बांधा, लस टोचा, बचत करा : पथनाट्य म्हणजे ढोलकीवर वाचलेले परिपत्रक झाले. तंत्रज्ञान ठरलेले, संदेश ठरलेला, गावाने फक्त टाळ्या वाजवायच्या.

ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल यांनी याच्या उलट वाट धरली. त्यांच्या मंच-नाट्यात प्रसंग अडचणीपाशी थांबतो. मग प्रेक्षकातला कुणीही उठून पात्राची जागा घेतो आणि स्वतःचा उपाय करून दाखवतो. १९९३ ते १९९६ या काळात रिओ द जानेरोचे नगरसेवक असताना त्यांनी अशा खेळांतून निघालेल्या सूचनांचे कायदे करून घेतले. आपल्याला हे अगदी परके नाही. महात्मा फुल्यांच्या १८५५च्या ‘तृतीय रत्न’मधला विदूषक प्रसंगाच्या मधेच उभा राहून चालली आहे ती फसवणूक उघड करतो. बोआल यांनी तो विदूषकाचा अधिकार प्रेक्षकाला दिला.

आता पाण्याचे उदाहरण घेतो. १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण आहे. आक्रिश यांच्या भाषेत ५५ ही संहिता झाली. टाकीची उंची, पाइपाचा व्यास, पंपाची ताकद हे सारे तिच्यावरून निघते, आणि ते गणित बरोबर असायलाच हवे. पण वरच्या आळीला पाणी आधी सुटते की खालच्या, वॉलमनचा पगार किती महिने थकला आहे, वीज रात्री दोनला येते तेव्हा हंडे घेऊन कोण उठते, हा त्या संहितेचा प्रयोग असतो आणि तो प्रत्येक वाडीत निराळा रंगतो किंवा पडतो. मुंबई आयआयटीतले, १९८५मध्ये सुरू झालेले ‘सितारा’ केंद्र विद्यार्थ्यांना कर्जत-मोखाड्याच्या गावांत पाठवते, योजना का बंद पडली हे तिथे जाऊन तपासायला लावते. या विषयाचा मला ठाऊक असलेला हा सर्वांत सकस वर्ग आहे. तिथे समाज हा शेवटचा धडा नाही. तो मोजमापाच्या पहिल्याच दिवशी भेटतो.

तरी गावात जाणे आणि गावाला बोलते करणे यांत अंतर आहे. प्रश्नावली घेऊन गेलेल्या पोराला सरपंच उत्तर देतो. सरपंचाच्या मागे उभी असलेली बाई देत नाही. माणसाच्या उभे राहण्यावरून, थांबण्यावरून, न बोलण्यावरून त्याचे स्थान ओळखणे हे नटाचे रोजचे शिक्षण आहे. नाट्यविभागात त्याच्या तालमी होतात. अभियंत्याला हीच नजर हवी आहे, आणि ती पुस्तकातून येत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा, की याची परीक्षा कशी घेणार? गुण कसे देणार? खरे तर नाट्यविभागांनी हा प्रश्न कधीच हाताळला आहे. गटाने उभ्या केलेल्या प्रयोगातून प्रत्येकाचे काम वेगळे पाहायचे, तालमीतली वाटचाल जमेस धरायची, बाहेरून आलेल्या परीक्षकाला प्रेक्षकांत बसवायचे, हे तिथे वर्षानुवर्षे चालू आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : नाटकाला कुणाचे तरी साधन केले की त्याची धार जाते. मला तो मान्य आहे. म्हणूनच नाटकवाल्यांना योजनेचा प्रचार करायला बोलावू नये. योजना अजून कागदावर असताना, ती बदलता येईल अशा वेळी बोलवावे.

त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. एक सत्र पुरे. दोन्ही विभागांचे दहा-दहा विद्यार्थी एका गावात राहतील. अर्धे पाइपाचे नकाशे काढतील, अर्धे पाणवठ्यावर बसून ऐकतील, आणि महिनाभराने कामे अदलाबदल करतील. शेवटी अहवाल विद्यापीठात जाण्याआधी ग्रामसभेत खेळून दाखवायचा, जिथे वॉलमनला उठून “असे नाही होत” म्हणता येईल आणि मागे उभ्या असलेल्या बाईला पुढे येऊन नळ कुठे हवा ते दाखवता येईल. त्यानंतर नकाशात जो बदल होईल, त्यालाच गुण द्यावेत.